दुरुस्तीलाही गुण द्या

इंटेलचा ९६५ हा चिपसेट २००६ सालचा. त्यातल्या ग्राफिक्ससाठी २०२१ मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी, एक नवाकोरा ड्रायव्हर लिहिला गेला. त्याचं नाव क्रोकस. तोवर बाजारात त्या चिपला कुणी विचारत नव्हतं. रेड हॅट कंपनीतले डेव्ह एअरली यांनी तो मनावर घेतला, कारण लिनक्स संगणकांवर चित्र दाखवणाऱ्या मेसा या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पाला आपला जुना सांगाडा मोडीत काढायचा होता. तो तसाच निघाला असता, तर ९६५ पासून २०१३ च्या हॅसवेलपर्यंतच्या इंटेल चिप्स मागे पडल्या असत्या. २०२२ च्या सुरुवातीला सांगाडा निघाला आणि ती सगळी यंत्रं चालत राहिली.

हे मुद्दाम सांगते, कारण ती यंत्रं आपल्याकडे ढिगाने आहेत. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कंपायलर शिकवते. आमची एक अख्खी लॅब त्याच पिढीतल्या संगणकांवर चालते. आजूबाजूच्या शाळांत, आयटीआयमध्ये, पतसंस्थांच्या शाखांत हेच चित्र आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा आधार संपला, तेव्हा ठिकठिकाणी एकच विषय निघाला: निर्लेखनाचा प्रस्ताव कधी पाठवायचा? डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आडवी रेघ पडली की यंत्र भंगारात जातं. पण बहुतेक वेळा आतली चिप ठणठणीत असते. संपलेला असतो तो तिचा ड्रायव्हर, म्हणजे बाकीच्या संगणकाला तिच्याशी बोलू देणारा सॉफ्टवेअरचा थर. आणि तो संपतो, कारण त्याची देखभाल करणारं माणूस उरलेलं नसतं. अशी माणसं आपल्या महाविद्यालयांतून तयार होऊ शकतात. त्यातली पहिली आडकाठी आपल्याच गुणपत्रिकेची आहे, म्हणून हा लेख.

आधी काम काय आहे ते बघू. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांच्या वर. चित्र सफाईने हलतं दिसायला ते सेकंदाला साठ वेळा रंगवावे लागतात. प्रत्येक ठिपक्यासाठी एक छोटासा प्रोग्रॅम चालतो: इथे ऊन किती, सावली किती, दगडाचा पोत कसा. या प्रोग्रॅमला शेडर म्हणतात. आपण नेहमी वापरतो ते सॉफ्टवेअर कारखान्यातूनच कंपाइल होऊन, प्रोसेसरच्या भाषेत उतरून येतं. शेडरचं तसं नाही. ग्राफिक्स चिपची भाषा कंपनीगणिक आणि पिढीगणिक बदलते, त्यामुळे शेडर अर्धाकच्चाच येतो आणि तुमच्या संगणकात, तुम्ही गेम किंवा नकाशा उघडता त्या क्षणी, कंपाइल होतो. ते करणारा कंपायलर ड्रायव्हरच्या पोटात बसलेला असतो. तो संथ असला तर चित्र अडखळतं, आळशी असला तर बॅटरी खातो, आणि चुकला तर पडद्यावर जे नाही ते दिसतं.

त्याचं सगळ्यात अवघड काम जागेच्या हिशोबाचं. माझं माहेर इचलकरंजीचं. तिथे एक कामगार बरेच यंत्रमाग सांभाळतो. एखाद्या मागाला कांडीची वाट पाहावी लागली, तर तो तिथे उभा राहत नाही, पुढच्या मागाकडे वळतो, आणि शेडमधला खडखडाट चालू राहतो. ग्राफिक्स चिपही अशीच चालते. तिचे हिशोब झटपट होतात, पण मेमरीतून आकडा यायला शेकडो ठोके लागतात. म्हणून ती एकाच वेळी ठिपक्यांचे अनेक गट हाताशी ठेवते आणि एक अडला की दुसरा चालवते. शेडमध्ये किती माग मावतील हे एकेका मागाला लागणाऱ्या जागेवर ठरतं, तसं चिपमध्ये किती गट मावतील हे एकेक गट किती रजिस्टरं, म्हणजे चालू हिशोबातले आकडे ठेवायचे कप्पे, अडवतो यावर ठरतं. एएमडीच्या जीसीएन पिढीत हिशोब करणाऱ्या एका ओळीला २५६ रजिस्टरं. शेडरने २४ किंवा त्याहून कमी वापरली तर दहा गट मावतात. २५वं मागितलं की नऊच. १२८ घेतली तर दोन. आता कंपायलर लिहिणाऱ्याने काय करायचं? एखादी किंमत एकदा काढून जपून ठेवली तर हिशोब वाचतो पण रजिस्टर अडतं. ती पुन्हा काढली तर रजिस्टर सुटतं पण काम वाढतं. याला ठरलेलं उत्तर नाही. बदल करायचा, हजारो खऱ्या शेडरांवर आधी आणि नंतरचे आकडे मोजायचे, आणि काय सुधारलं नि काय बिघडलं हे दोन्ही प्रामाणिकपणे लिहायचं. मेसामध्ये याच कामासाठी शेडर-डीबी नावाचा शेडरांचा साठा आहे. कंपायलरमध्ये बदल सुचवणारा आपल्या टिपणातच सांगतो की एकूण सूचना इतक्यावरून इतक्यावर आल्या, इतक्या शेडरांना फायदा झाला, इतक्यांना तोटा झाला. तोट्याची ओळ कुणी लपवत नाही. मला हा शिरस्ता फार मोलाचा वाटतो.

आता आमच्याकडे घडलेली गोष्ट. काही विद्यार्थ्यांनी पन्हाळ्याच्या तीन दरवाज्याचे शेकडो फोटो काढून त्याचं त्रिमितीय मॉडेल बनवलं होतं. मोबाइलवर ते सुरेख दिसायचं. लॅबमधल्या जुन्या ग्राफिक्स कार्डांवर मात्र कोरीवकामाच्या कोपऱ्यांत काळे चौकोन उमटायचे, आणि मॉडेल फिरवलं की तेही लुकलुकायचे. आधीच्या वर्षी हाच प्रोग्रॅम याच यंत्रांवर नीट चालला होता. मुलांनी धरून टाकलं की कार्डं खराब झाली. माझा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, कार्ड गेलं असतं तर चौकोन कुठेही आले असते. हे फक्त कोपऱ्यातच येतायत." या निरीक्षणावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

त्याने मेसाची आधीच्या वर्षीची आवृत्ती बांधली. चौकोन गायब. ताजी बांधली, चौकोन हजर. म्हणजे दोष मधल्या बदलांपैकी एका बदलात होता, आणि असे बदल हजारोंनी होते. गिट बायसेक्ट हे साधन अशा वेळी मधोमध कापत जातं: अर्ध्यावरची आवृत्ती बांधा, चौकोन दिसतात का सांगा, उरलेल्याचं पुन्हा अर्धं करा. चार हजार बदल असले तरी बारा पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. फक्त प्रत्येक पायरीला सगळं नव्याने बांधायचं आणि तोच कोपरा त्याच कोनातून बघायचा. कंटाळवाणं काम आहे. त्याने ते नेटाने केलं.

सापडला तो बदल वेग वाढवण्यासाठी केलेला होता, आणि वरवर अगदी निर्दोष दिसत होता. शेडरात एक हिशोब वर्गांची बेरीज काढत होता आणि त्यापुढे लिहिलं होतं: ही बेरीज आणि शून्य यातलं जे मोठं ते घ्या. कंपायलरमधला नवा नियम सांगत होता की वर्गांची बेरीज ऋण असूच शकत नाही, तेव्हा शून्याशी तुलना फुकटची आहे, काढून टाका. एक सूचना वाचली. शाळेतल्या गणितात यावर कुणी बोट ठेवणार नाही. पण संगणकाच्या अपूर्णांकात धन, ऋण आणि शून्य यांच्याखेरीज आणखी एक रहिवासी असतो, नॅन. शून्याला शून्याने भागलं की तो जन्मतो. त्याला संख्या म्हणत नाहीत, आणि त्याची कशाशीही बेरीज केली, कशानेही गुणलं, तरी उत्तर नॅनच येतं. फोटोंवरून बनवलेल्या मॉडेलमध्ये कोपऱ्यांत काही त्रिकोण इतके चिमटलेले होते की त्यांचं क्षेत्रफळ शून्य भरत होतं. तिथे पृष्ठभागाची दिशा काढताना शून्य भागिले शून्य होत होतं. 'शून्य आणि हे, यातलं मोठं घ्या' या सूचनेला त्या चिपवर नॅन मिळाला, तर ती शून्य देते. म्हणजे फुकटची म्हणून काढलेली ती तुलनाच नॅनला दारात अडवत होती. ती गेली आणि नॅन आत शिरला. पुढे चित्रावर हलकी धूसर झळाळी देणारा टप्पा शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढतो. एका नॅनने अख्खी सरासरी नासते. एका ठिपक्याचा चौकोन होतो तो असा.

यात कुणाची चूक? मॉडेल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण आधीच गाळायला हवे होते, हे खरं. ओपनजीएल या ग्राफिक्सच्या सामाईक मानकाचे नियमही नॅन काटेकोरपणे सांभाळण्याची सक्ती करत नाहीत. म्हणजे ड्रायव्हरला हात झटकता आले असते. पण मेसाच्या सगळ्या चिप्सना सामाईक असलेल्या भागाने हा धडा पूर्वीच घेतला आहे. तिथे कंपायलर एखादी किंमत धन आहे का एवढ्यावर थांबत नाही, ती संख्या आहे याची खात्री आहे का याचीही वेगळी नोंद ठेवतो. आमच्या कार्डासाठीच्या खास टप्प्यात ही नोंद बघायची राहून गेली होती. मुलाने तो नियम अटीत बांधला: संख्या असल्याची खात्री असेल तरच तुलना काढा. बदल दोन ओळींचा. सोबत नॅन मुद्दाम घुसवणारी एक चाचणी. परदेशातल्या एका परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला, शेडर-डीबीचे आकडे कुठे आहेत? त्याने ते काढून दिले: मोजक्या शेडरांत एकेक सूचना वाढली होती. दुसऱ्याने चाचणीचं नाव बदलायला लावलं आणि टिपणातलं एक वाक्य अधिक स्पष्ट करायला सांगितलं. मग बदल स्वीकारला गेला. आता तो लिनक्सच्या अद्ययावत आवृत्त्यांसोबत, तसं कार्ड असलेल्या जगातल्या प्रत्येक संगणकावर जातो.

हाच त्याचा अंतिम वर्षाचा प्रकल्प होता. परीक्षेच्या दिवशी विचारलं गेलं: यात नवीन काय? फ्रंट एंड कुठे आहे? कोड किती ओळींचा? 'दोन' या उत्तरावर खोलीत जी शांतता झाली ती मला आजही बोचते. त्याला गटातले सगळ्यांत कमी गुण मिळाले. परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या तक्त्यात रकाने होते: नावीन्य, सादरीकरण, अहवाल, अंमलबजावणी. लाखो ओळींचा परका कोड वाचून त्यातली नेमकी जागा शोधणं, अनोळखी तज्ज्ञांपुढे आपलं म्हणणं आकड्यांनिशी मांडणं, त्यांची टीका पचवून सुधारणा करणं, याला रकानाच नव्हता. एखादं हजेरीचं ॲप पहिल्यापासून नवं लिहिलं असतं तर चारही रकाने भरले असते, आणि ते ॲप परीक्षेनंतर कुणी पुन्हा उघडलं नसतं.

हे मला मनापासून चुकीचं वाटतं. जगातलं बहुतेक सॉफ्टवेअर आधीच लिहून झालेलं आहे. नोकरीला लागलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, पहिली काही वर्षं ते दुसऱ्याचाच कोड वाचत आणि सुधारत असतात. मग चार वर्षांच्या शिक्षणात एकदाही कुणाचा मोठा कोड दुरुस्त केल्याबद्दल शाबासकी का मिळू नये?

आणि हे काम फक्त पंचवीस वर्षं मुरलेल्या लोकांचं आहे, असंही समजू नका. मेसाची सुरुवात ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये केली ती रिकाम्या वेळेतला उद्योग म्हणून. पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९५ ची. आज मेसातले बहुतेक ड्रायव्हर ज्या एनआयआर नावाच्या मधल्या भाषेवर उभे आहेत, तिचा पाया कॉनर ॲबटने २०१४ च्या उन्हाळ्यात इंटेलमध्ये इंटर्न असताना घातला. त्याआधी, शाळेत असतानाच, तो मोबाइलमधल्या माली चिपची भाषा उलगडत होता. ॲलिसा रोझेनझ्वाइगनेही शाळकरी वयातच त्याच घराण्यातल्या पुढच्या चिप्ससाठी पॅनफ्रॉस्ट हा ड्रायव्हर सुरू केला. चिपचे कागद हाती नव्हते. कंपनीचा बंद ड्रायव्हर चिपला काय पाठवतो ते टिपायचं, शेडरात एखादा अंक बदलायचा, बाहेर पडणाऱ्या बिटांत काय बदललं ते बघायचं, आणि त्यावरून भाषा ओळखायची. पुढे तिने ॲपलची एम१ चिप हाती घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या मुक्त ड्रायव्हरला ओपनजीएल ईएस ३.१ ची अधिकृत मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनजीएल ४.६ ची. खुद्द ॲपलची प्रणाली त्या वेळी ४.१ वर थांबलेली होती, आणि आजही तिथेच आहे. मान्यतेसाठी चाचण्यांचा भला मोठा संच पार करावा लागतो, त्यामुळे हा कुणा चाहत्याचा दावा नाही.

वर्गात हे सांगितलं की मुलं विचारतात, पण हे कंपनीचं काम नाही का? कंपनीने विकलं, कंपनीने सांभाळावं. तत्त्वाला धरून बरोबर आहे. प्रत्यक्षात काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा गटाला माली चिपच्या ड्रायव्हरमध्ये पाच दोष सापडले. चिप रचणाऱ्या आर्मने ते जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्तही केले. नोव्हेंबरमध्ये त्या गटाने हाताशी असलेले फोन तपासले, तेव्हा दुरुस्ती त्यांतल्या एकाही फोनपर्यंत पोचलेली नव्हती. आर्मकडून फोन बनवणाऱ्याकडे, तिथून ग्राहकाकडे, या साखळीत कुठेतरी ती अडून बसली होती. आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त फोनांत माली चिपच असते. कोड खुला असला की निदान अडलेल्याला स्वतः हात घालता येतो.

कंपन्यांनाही हे हळूहळू पटलेलं दिसतं. एएमडीने आपल्या चिप्सचे कागद खुले करण्याची घोषणा सप्टेंबर २००७ मध्ये केली. व्हल्कन हे नवं ग्राफिक्स मानक आलं तेव्हा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर खुला व्हायला वेळ लागत होता, म्हणून बाहेरच्या दोघांनी २०१६ मध्ये रॅडव्ही सुरू केला. त्याचा शेडर कंपायलर गेम सुरू होताना फार वेळ खायचा, म्हणून व्हॉल्व्ह या गेम कंपनीने २०१९ मध्ये एसीओ हा नवा कंपायलर लिहून घेतला. पुढच्याच वर्षी तो रॅडव्हीचा नेहमीचा कंपायलर झाला, आणि २०२२ साली आलेल्या स्टीम डेक या हातातल्या यंत्रात हीच जोडी चालते. शेवटी २०२५ मध्ये एएमडीने आपला मुक्त व्हल्कन ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीलाच पाठिंबा जाहीर केला. बाहेरच्यांनी लिहिलेला कोड कंपनीच्या कोडपुढे टिकला, आणि कंपनीनेही तोच स्वीकारला. हे उदाहरण मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते.

पोटापाण्याचं काय, हा पालकांचा प्रश्न. पुणे, हैदराबाद, बंगळूर इथे ग्राफिक्स चिप कंपन्यांची मोठी कार्यालयं आहेत आणि त्यांना कंपायलर जाणणारी माणसं लागतात. स्पेनमधल्या आ कोरुन्या शहरात इगालिया नावाची संस्था आहे. रास्पबेरी पाय ४ चा व्हल्कन ड्रायव्हर त्यांनीच लिहिला, त्याला नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. ही संस्था कामगारांच्या मालकीची आहे, सहकारी तत्त्वावर चालते, आणि दुरुस्तीचं काम विकून जगभरच्या ग्राहकांकडून पैसे कमावते. साखर, सूत आणि दूध यांत सहकार उभा केलेल्या महाराष्ट्रात मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीची अशी एखादी संस्था का उभी राहू नये, हा प्रश्न सहकार खात्यालाही विचारायला हवा.

शिवाय ज्या ग्राफिक्स चिप्सवर आपण किल्ल्याचं मॉडेल बघतो, त्यांच्याच मोठ्या भावंडांवर आज कृत्रिम बुद्धिमत्ता चालते. केंद्राने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनसाठी दहा हजार तीनशे कोटींहून अधिक रुपये मंजूर केले, आणि त्यातला मोठा भाग अशा चिप्स उपलब्ध करून देण्यासाठी आहे. त्या चिपवर तोच हिशोब: रजिस्टर किती, गट किती, मेमरीची वाट किती. एवढ्या पैशाच्या यंत्रातून निम्मंच काम निघत असेल तर ते ओळखणारी आणि सुधारणारी माणसं इथेच लागतील.

सरकारी कामकाजात मुक्त सॉफ्टवेअर वापरायचं धोरण केंद्राने २०१५ मध्येच केलं. वापर वाढला, चांगलं झालं. परतफेड मात्र नगण्य आहे. मेसाचा कोड जिथे राहतो त्या फ्रीडेस्कटॉपच्या यंत्रणेचा खर्च २०२० मध्ये वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरवर जाईल असं दिसलं, आणि चाचण्या बंद कराव्या लागतील अशी वेळ आली. तेव्हाच्या दराने हे पन्नास-पंचावन्न लाख रुपये होतात. पुढे एका कंपनीने यंत्रं पुरवली, २०२५ मध्ये तोही आधार संपला आणि सगळा बाडबिस्तरा दुसरीकडे हलवावा लागला. जगभरचे लिनक्स संगणक ज्या कोडवर चित्र दाखवतात, त्याची ही परिस्थिती. बंगळूरच्या झेरोधाने २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. एका खासगी कंपनीला जे सुचतं ते राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला सुचायला हरकत नाही.

पण पैशाआधी माणसं, आणि माणसांसाठी अभ्यासक्रम. याला मुंबईतच आधार आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि जीसीसीसारख्या अजस्र कंपायलरच्या आत कसं शिरायचं, हे कार्यशाळांमधून शिकवलं. पुस्तकातला चार ओळींचा खेळण्यातला कंपायलर बाजूला ठेवून खरा, जगभर वापरला जाणारा कंपायलर उघडायचा, ही त्यामागची दृष्टी. त्यांची टिपणं मी अजून वर्गात वापरते. ग्राफिक्सच्या बाबतीत तर हे आणखी सोपं आहे. एनआयआरमधले कितीतरी नियम एका पायथन फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेले आहेत: अशी आकृती दिसली की तिच्या जागी ही घाला. ज्या नियमाने उत्तरात बारीकसा फरक पडू शकतो त्याच्यापुढे नागमोडी खूण असते. दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ते नियम वाचता येतात. आमच्याकडे एका प्रात्यक्षिकाला मी तीच फाइल देते आणि विचारते, यातला कोणता नियम नॅनसमोर टिकणार नाही? मुलं तास संपला तरी उठत नाहीत.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांकडे माझी मागणी अगदी नेमकी आहे. कुठल्याही नावाजलेल्या मुक्त प्रकल्पात स्वीकारली गेलेली दुरुस्ती अंतिम वर्षाचा पूर्ण प्रकल्प म्हणून धरा. अहवालाच्या पानांऐवजी परीक्षकांनी त्या दुरुस्तीवर झालेली चर्चा वाचावी. ती सगळी जाहीर असते, कुणी काय आक्षेप घेतला आणि विद्यार्थ्याने काय उत्तर दिलं ते तारखेनिशी दिसतं. नक्कल करण्याला तिथे वाव नाही. दुरुस्ती नाकारली गेली तरी, दोष नीट शोधून मांडला असेल, तर त्यालाही गुण असावेत. आणि तक्त्यात 'नावीन्य' या रकान्याशेजारी 'निदान' असा एक रकाना वाढवा.

दुसरी गरज यंत्रांची आहे. दुरुस्ती नव्या कार्डावर तपासून चालत नाही, ज्या चिपसाठी आहे त्याच चिपवर तपासावी लागते. एटीआयच्या २००२ सालच्या आर३०० घराण्यातल्या कार्डांच्या कंपायलरवर आजही लोक स्वेच्छेने काम करतात, पण त्यांनाही चालू स्थितीतलं कार्ड मिळणं दिवसेंदिवस कठीण होत आहे. आपल्याकडे ती कार्डं निर्लेखनाच्या ढिगात पडून असतात. संस्थांनी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्याआधी त्यातली ग्राफिक्स कार्डं जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला द्यावीत, आणि नियमांत तशी सोय नसेल तर उच्च व तंत्रशिक्षण विभागाने एका परिपत्रकाने ती करावी. घरी कुणाकडे असं कार्ड असेल, तर त्यावरच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो काढून महाविद्यालयातल्या संगणक विभागाला पाठवा. पंखा फिरत नसला तरी चालेल, तो बदलता येतो. सध्या २००८ ते २०१३ या काळातली कार्डं सर्वांत उपयोगाची आहेत, कारण त्या पिढीच्या ड्रायव्हरांवर काम चालू आहे आणि चाचणीला हात कमी पडतायत.